धनुष्यावर ४५ लिहिलंय, तुमच्या हातात किती?

"किती पौंडांचं घेऊ?" धनुष्य घ्यायला निघालेला माणूस पहिला प्रश्न हाच विचारतो. उत्तर त्याने मनात आधीच ठरवलेलं असतं: साठ, निदान पन्नास. आपण फक्त मान डोलवायची असते.

२०२३च्या ऑगस्टमध्ये बर्लिनला साताऱ्याची अदिती स्वामी आणि नागपूरचा ओजस देवतळे एकाच दिवशी जगज्जेते झाले. तेव्हापासून तिरंदाजीची हवा मराठवाड्यातही आली आहे. (एरवी आपल्याकडे धनुष्यबाण म्हटलं की आधी मतदान यंत्र आठवतं. तिथली ओढाताण वेगळी.) पोराला मैदानावर घेऊन येणारे आईबाप हा प्रश्न विचारतात. मोबाइलवर अमेरिकेतल्या शिकाऱ्यांचे व्हिडिओ बघून लाकडी 'हंटिंग बो' मागवू पाहणारी कॉलेजची मुलंही विचारतात. आणि रानडुकरांनी एका रात्रीत मका आडवा केलेला शेतकरीही विचारतो. तिघांचा प्रश्न एकच असला तरी उत्तरं तीन आहेत, आणि तिन्ही त्यांना वाटतात त्यापेक्षा लहान आहेत.

हे धनुष्याचं वजन नव्हे

धनुष्य नुसतं उचललं तर ते फार जड लागत नाही. पौंडेज ही वेगळी गोष्ट आहे. दोरी पूर्ण मागे ओढून धरली असताना ती बोटांवर जेवढा जोर टाकते, त्याला पौंडेज म्हणतात. एक पौंड म्हणजे साधारण ४५० ग्रॅम. म्हणजे ४५ पौंडांचं धनुष्य पूर्ण ताणलं की बोटांवर वीस किलोंच्या वर भार येतो.

वीस किलो म्हणजे आडातून शेंदलेला भरलेला पोहरा. पण शेंदताना दोन्ही हात असतात, पाय रोवता येतात, कंबर मागे टाकता येते आणि पोहरा वर आला की काठावर टेकवता येतो. धनुष्यात तोच पोहरा तीन बोटांवर पेलायचा, तोही आडवा. आणि वर आल्यावर टेकवायला काठ नाही. तो तसाच अधांतरी धरायचा, हात हलू द्यायचा नाही आणि नजर समोर ठेवायची.

व्हिडिओतले शिकारी दोरी ओढून निवांत उभे असतात, त्याचं कारण त्यांच्या हातात बहुतेक वेळा कंपाउंड धनुष्य असतं. त्याच्या दोन्ही टोकांना चाकं असतात. दोरी पूर्ण मागे आली की ती चाकं ६५ ते ९० टक्के भार स्वतःवर घेतात. साठ पौंडांचं कंपाउंड ताणून धरलेल्याच्या बोटांवर बारा-पंधरा पौंडच उरतात. अदिती आणि ओजस यांचाही प्रकार कंपाउंडच.

पारंपरिक धनुष्यात अशी सूट नाही. सरळ दांड्याचा लाँगबो घ्या, टोकं पुढे वळलेला साधा रिकर्व घ्या, नाहीतर बांबूचा तिरकमठा घ्या. दोरी जितकी मागे, तितका भार जास्त. जिथे हात सर्वांत स्थिर हवा, नेमका तिथेच भार सर्वांत मोठा असतो. म्हणून कंपाउंडवाल्याचा आकडा ऐकून लाकडी धनुष्य मागवू नका. मला दिसणाऱ्या फसगतींपैकी अर्ध्याअधिक इथेच होतात.

२८ इंचांची भानगड

धनुष्याच्या दांड्यावर बारीक अक्षरात दोन आकडे असतात: ४५ आणि २८. त्याचा अर्थ, दोरी २८ इंच खेचली तर ४५ पौंड. विकणारा पहिला आकडा मोठ्याने सांगतो, दुसरा सांगत नाही.

माणूस दोरी किती इंच मागे आणतो, ती त्याची खेच. मैदानावर तिला ड्रॉ लेंथ म्हणतात. ती ताकदीवर ठरत नाही, हातांच्या लांबीवर ठरते. ढोबळ हिशोब असा: दोन्ही हात पसरून आपली वाव इंचांत मोजायची आणि अडीचने भागायचं. २८ इंच यायला वाव सत्तर इंच, म्हणजे पाच फूट दहा इंच हवी. बहुतेकांची वाव त्यांच्या उंचीएवढीच असते. पाच फूट दहा इंच उंचीची किती माणसं तुमच्या गल्लीत आहेत, ते तुम्हीच बघा.

पाच फूट पाच इंचांच्या माणसाची खेच २६ इंच येते. २८च्या आत प्रत्येक इंचाला साधारण दोन ते तीन पौंड कमी होतात. म्हणजे त्याच्या हातात ४५चं धनुष्य चाळीसच्या आसपास राहतं. पाच फूट एक इंचाच्या मुलीची खेच साडेचोवीसच्या जवळ, तिला तेच धनुष्य छत्तीसचं. उलट सव्वासहा फुटी गड्याची खेच ३० इंच, त्याच्या हातात ते पन्नासवर जातं. त्याने एक काळजी घ्यायची. लाकडी किंवा बांबूचं धनुष्य किती इंचांपर्यंत ओढायला बनवलंय, हे बनवणाऱ्याला आधी विचारायचं. हद्द ओलांडली की ते तोंडाजवळ मोडतं.

काट्याला लावून बघा

हाताने केलेल्या धनुष्यावर आकडाच नसतो. अजिंठ्याच्या डोंगररांगेतल्या भिल्ल वस्त्या काय, किनवट-माहूरकडची गोंड-कोलाम गावं काय, तिथे कोणी पौंड लिहून ठेवत नाही. माणूस ओढून बघतो आणि त्याला कळतं. आपल्याला तसं कळत नाही, म्हणून मोजावं लागतं. मोजायचं साधन गावात आहेच: वेचणीच्या दिवसांत कापूस तोलायला वापरतात तो हूक असलेला डिजिटल काटा.

काटा मजबूत आडव्या बारला टांगा. एका सरळ काडीवर इंचाइंचाच्या खुणा करा आणि तिचं टोक दोरीच्या मध्याला, जिथे बाण बसतो तिथे, टेकवून बांधा. दोरी काट्याच्या हुकात अडकवा आणि धनुष्याची मूठ दोन्ही हातांनी हळूहळू खाली ओढा. काडीवरची २० इंचांची खूण मुठीच्या पुढच्या कडेशी आली की दुसऱ्याने आकडा वाचायचा. मग २१, मग २२, असं करत आपल्या खेचेपर्यंत जायचं. तिथेच थांबायचं, पुढे ओढायचं नाही. किलोला २.२ ने गुणलं की पौंड मिळाले.

हे आकडे वहीत एकाखाली एक लिहा, कारण त्यांतून आणखी एक गोष्ट दिसते. चांगल्या धनुष्यात दर इंचाला भार साधारण सारखाच वाढतो, किलोभर किंवा थोडा जास्त. काही धनुष्यांत, विशेषतः आखूड असतील तर, शेवटच्या दोन इंचांत काटा एकदम दोन-दोन किलोंनी उडतो. असं धनुष्य कागदावर चाळीसचं असलं तरी शेवटी हाताला पन्नाससारखं लागतं. दोन धनुष्यांत निवड करायची असेल तर चढ सरळ असलेलं घ्या, मग ते दोन पौंडांनी हलकं असलं तरी चालेल.

"जिममध्ये यापेक्षा जास्त ओढतो"

ओढत असाल, नाही म्हणत नाही. पण दोरी दंडाने ओढायची नसते. ती दोन खांद्यांच्या फऱ्यांमधल्या स्नायूंनी ओढायची आणि त्यांनीच धरून ठेवायची. हे स्नायू रोजच्या कामात असे एकटे पडत नाहीत. त्यात दोन्ही बाजूंना वेगळं काम असतं, एक हात ढकलतो आणि दुसरा खेचतो. पोती उचलणारा गडीही पहिल्या दिवशी तीस पौंडांवर थरथरतो आणि हसतो.

शिवाय हे एकदाच करायचं नसतं. ४५ पौंडांवर साठ बाणांचा सराव म्हणजे वीस किलो साठ वेळा, बारा क्विंटल. तेही तीन बोटांच्या पेरांवर.

धनुष्य जड झालंय, हे बघणाऱ्याला लगेच कळतं. दोरी ओढायला तिरंदाज आधी धनुष्य आभाळाकडे करतो आणि मग खाली आणतो. दोरी ओढणाऱ्या हाताचा खांदा कानाला जाऊन भिडतो, कंबर मागे झुकते. दोरी हनुवटीला लागायच्या आत बाण सुटतो, सोडलेला नसतो, सुटलेला असतो. असं महिना-दोन महिने चाललं की खांदा आणि कोपर दुखायला लागतात. त्याहून वाईट म्हणजे डोक्यात एक खोड बसते: लक्ष्य दिसलं की बोटं आपोआप उघडतात. त्याला टार्गेट पॅनिक म्हणतात. खांदा विश्रांतीने बरा होतो, ही खोड मोडायला वर्षं जातात.

म्हणून विकत घेण्याआधी एक परीक्षा करा. बाण लावून, समोर सुरक्षित लक्ष्य ठेवून धनुष्य सरळ लक्ष्याच्या दिशेने धरा. वर-खाली न करता दोरी हनुवटीपर्यंत आणा आणि दहा आकडे मोजा. बाणाचं टोक बघा. मग बाण न सोडता दोरी तितक्याच सावकाश पुढे न्या. पाच-सहा वेळा हे जमलं आणि टोक फारसं नाचलं नाही, तर ते पौंडेज तुमचं. दोरी परत नेताना हात झटका खात असेल तर ते तुमचं नाही, दुकानदार काहीही म्हणो.

जास्त पौंड म्हणजे जास्त मार, हे तरी खरं ना?

दोरी पूर्ण खेचली तर खरं. पण इथेच गणित उलटतं. ज्याची खेच २७ इंच आहे असा एक माणूस घ्या. ४५चं धनुष्य तो आरामात २७पर्यंत आणतो, त्या ठिकाणी भार साडेबेचाळीस पौंडांच्या आसपास. आता त्याने हौसेने ५५चं घेतलं. ते त्याला झेपत नाही, म्हणून दोरी २५ इंचांवरच अडकते. तिथे भार सत्तेचाळीस-साडेसत्तेचाळीस.

वरवर अजूनही पाच पौंड जास्तच दिसतात. पण बाणाला मिळणारी ऊर्जा फक्त शेवटच्या भारावर ठरत नाही, तो भार किती अंतर बाणाला ढकलतो यावरही ठरते. न ओढलेली दोरी मुठीपासून सात-आठ इंचांवर असते. म्हणजे पहिल्या धनुष्यात बाणाला साडेएकोणीस इंच धाव मिळते, दुसऱ्यात साडेसतराच. भार आणि धाव यांचा गुणाकार करून निम्मा करा: दोन्हीकडे उत्तर ४१५च्या आसपास येतं. दहा पौंड जास्त, खांद्याला दुखणं जास्त, आणि बाणाच्या वाट्याला तेवढंच. त्यात थरथर धरली तर तोटाच.

बाणाचंही ऐका. बाणाचं वजन ग्रेनमध्ये मोजतात आणि एक ग्राम म्हणजे साडेपंधरा ग्रेन. पारंपरिक धनुष्याला पौंडामागे दहा ग्रेनच्या आसपास बाण चांगला, म्हणजे ४५ पौंडांना ४५० ग्रेन, २९ ग्रॅम. फार हलका बाण लावला तर तो वेगाने जातो, पण उरलेली ऊर्जा धनुष्याच्या दांड्यातच धडकते आणि लाकूड तडकतं. बाणाशिवाय रिकामी दोरी सोडण्याचाही परिणाम हाच, म्हणून ती कधीच सोडायची नाही. बाणाचा ताठपणाही पौंडेजला जुळावा लागतो. नाही जुळला तर बाण शेपूट हलवत जातो आणि वाकडा घुसतो. धनुष्य बदललं की बाण बदलायचा खर्च आला, हे कोणी आधी सांगत नाही.

"पूर्वीचे लोक शंभर पौंडांची धनुष्यं ओढायचे"

ओढायचे. इंग्लंडच्या राजाचं 'मेरी रोझ' हे लढाऊ जहाज १५४५मध्ये बुडालं आणि १९८२मध्ये वर काढलं. त्यावरच्या लाँगबोंचं पौंडेज अभ्यासकांनी शंभरपासून १८५पर्यंत काढलंय. पण ती युद्धाची धनुष्यं होती, चिलखती सैन्यावर दुरून बाणांचा मारा करायला. ती ओढणारे लहानपणापासून तेवढंच करत आले होते. शिकारीचं धनुष्य हे वेगळं काम आहे. कॅलिफोर्नियातल्या याही जमातीचा अखेरचा माणूस इशी १९११मध्ये बाहेरच्या जगात आला. त्याचं हरणाच्या शिकारीचं धनुष्य सुमारे ४५ पौंडांचं होतं. तो जोरावर विसंबत नव्हता, जवळ जाण्यावर विसंबत होता.

बांबूचं धनुष्य म्हणजे खेळणं, असं मानणारेही आहेत. राजस्थानचा लिंबाराम बांबूच्या धनुष्यावरच वाढला आणि १९८८, १९९२, १९९६ अशा तीन ऑलिंपिकमध्ये भारताकडून उतरला. आजही आपल्याकडच्या स्पर्धांत 'इंडियन राउंड' हा प्रकार लाकडी-बांबूच्या धनुष्यावरच खेळतात.

शिकारीला मग किती लागतं?

जिथे धनुष्याने शिकार कायदेशीर आहे, तिथल्या सरकारांनी किमान आकडे ठरवले आहेत. अमेरिकेतल्या कोलोरॅडोत ३५ पौंड. अलास्कात हरणासाठी ४०, मूस नावाच्या तिकडच्या थोराड हरणासाठी आणि मोठ्या अस्वलासाठी ५०. ब्रिटनमध्ये धनुष्याने शिकारच बंद आहे. या आकड्यांत साठ-सत्तर कुठेच नाही.

कारण बाण गोळीसारखा काम करत नाही. ४५ पौंडांच्या धनुष्यातून २९ ग्रॅमचा बाण सेकंदाला पन्नास मीटरच्या आसपास निघतो, त्यात ऊर्जा असते ३६ जूल. शिकारी रायफलच्या गोळीत हजारो जूल असतात. गोळी धक्क्याने पाडते, बाणाला कापावं लागतं. पातं वस्तऱ्यासारखं धारदार, बाण सरळ आणि फुप्फुसांवर नेमका असेल तर चाळीस पौंड पुरतात. पोटात बसला तर सत्तर पौंडही त्या जनावराला तासन् तास तडफडवतात. म्हणून तिकडचे जाणते शिकारी पारंपरिक धनुष्याने पंधरा-वीस मीटरच्या पुढे बाण सोडत नाहीत आणि पौंडांपेक्षा नेम सांभाळतात.

"ते राहू द्या, आमच्या डुकरांचं बोला"

बोलतो. मका, भुईमूग, हरभरा रात्रीतून जातो, रोही तुरीत उतरतात. हे नुकसान शहरात बसून कळत नाही आणि राग रास्त आहे. पण धनुष्य हा त्यावरचा इलाज नाही.

१९७२च्या वन्यजीव संरक्षण कायद्यात शस्त्रांच्या व्याख्येत धनुष्यबाणाचं नाव घेऊन उल्लेख आहे. बंदूक नाही म्हणून गुन्हा नाही, ही समजूत चुकीची. मारणं तर सोडाच, जखमी करणं आणि तसा प्रयत्न करणंही शिकारच ठरतं. २०२२च्या दुरुस्तीनंतर रानडुक्कर आणि रोही दोन्ही अनुसूची दोनमध्ये, म्हणजे संरक्षित प्राण्यांच्या यादीत आहेत. पिकाची नासाडी करणाऱ्या जनावराला मारायची परवानगी कायद्यात आहे, पण ती अधिकृत अधिकाऱ्याने लेखी द्यावी लागते, आपण घ्यायची नसते. गौताळा किंवा पैनगंगेसारख्या अभयारण्यात परवानगीशिवाय शस्त्र घेऊन शिरणं हा आणखी वेगळा गुन्हा. नुकसान झालं की लगेच फोटो काढा, वन विभागाकडे अर्ज द्या आणि पंचनामा करून घ्या. भरपाई उशिरा येते, कमी येते, तरी कागद हातात असलेला बरा.

आणि कायदा बाजूला ठेवला तरी हिशोब बघा: रात्रीची वेळ, हलतं जनावर, नवखा हात आणि ३६ जूल. जखमी डुक्कर उसात शिरलं की सकाळी तिथे पहिला पाय कोणाचा पडणार? पाणी द्यायला गेलेल्या तुमच्याच माणसाचा.

दुकानात काय मागायचं

दहा-बारा वर्षांच्या पोराला दहा ते पंधरा पौंड. मोठ्या बाईमाणसाला अठरा ते पंचवीस, पुरुषाला पंचवीस ते तीस. हे आकडे आपल्या स्वतःच्या खेचेवरचे, दांड्यावर लिहिलेले नव्हेत. ऐकायला मिळमिळीत वाटतात, ठाऊक आहे. ऑलिंपिकमध्ये सत्तर मीटरवर बाण मारणारे पुरुष साधारण ४५ ते ५० पौंड वापरतात, आणि ते रोज शेकडो बाण सोडणारे लोक आहेत.

"वाढत्या अंगाचं आहे, मोठंच घ्या, पुढे पुरेल" हा आपला लाडका युक्तिवाद इथे चालत नाही. त्याला तोड आहे: टेक-डाऊन रिकर्व. त्याची मूठ वेगळी असते आणि वरचे-खालचे दांडे स्क्रूने लागतात. त्या दांड्यांना लिम्ब म्हणतात. मूठ एकदाच चांगली घ्यायची आणि पौंडेज वाढवायचं तेव्हा फक्त लिम्ब बदलायचे, एका वेळी दोन ते चार पौंड. वरची दहा आकड्यांची परीक्षा सरावाच्या शेवटी, थकलेल्या हाताने पास झाली तरच पुढची पायरी. चाळीसपर्यंत यायला काहींना वर्ष लागतं, काहींना दोन. काहींना बत्तीसवरच मजा येते आणि ते तिथेच थांबतात. नेम त्यांचाच चांगला असतो.

जाता जाता आपल्या उन्हाचं. परभणी-नांदेडला एप्रिल-मेमध्ये पारा बेचाळीस-त्रेचाळीसला जातो. बंद गाडीत ठेवलेल्या धनुष्याचे चिकटवलेले थर त्या उष्णतेने सुटू शकतात. लाकूड आणि बांबू उन्हात नरम पडतात, दमट पावसाळ्यातही ओल धरून सैलावतात. वापर झाला की लाकडी धनुष्याची दोरी उतरवून ठेवा. सतत चढवून ठेवलं तर दांडा वाकलेलाच राहतो आणि पौंड कायमचे जातात. मोसम बदलला की काटा पुन्हा लावा, आणि नवा आकडा जुन्याशेजारी तारीख टाकून वहीत लिहा.